बारा टोकं

हिशेब मांडला तर या सुशीतून ताईला मिळण्यासारखं एकच होतं: घराची मागची खोली. तशी ती एकवीस वर्षं तिचीच होती. पण गेल्या महिन्यात धाकटा भाऊ जेवता जेवता म्हणाला होता, "हिच्या आईबाबांना आता जिने चढवत नाहीत गं. इकडेच आणावं म्हणतोय त्यांना. मागची खोली... बघू."

'बघू' हा भावाचा लाडका शब्द. होकार, नकार आणि पळवाट, तिन्ही त्यात आरामात मावत.

रविवारी दुपारी भावजयीचे आईबाबा घर बघायला आणि जेवायला येणार होते. ताईने मनाशी गणित बसवलं. आपण घराला किती उपयोगाच्या आहोत हे एकदा दिसलं, की आपल्याला हलवायचं कोण कशाला मनात आणेल? त्यांचा पलंग बाहेरच्या खोलीत टाकता येईल. तिने टेप धरून मापही घेतलं होतं.

सुशीचं खूळ भावजयीचं. व्हिडिओ बघून तिने बांबूची चटई, समुद्री शेवाळाचे कागद, चिकट तांदूळ, सगळं आणलं. पहिला रोल मधोमध फुटला. दुसरा चटईलाच चिकटून बसला.

"ताई, या ना जरा! मेला सुटतोच आहे."

ताई हॉस्पिटलच्या प्लास्टरखोलीत कामाला होती. सव्वीस वर्षं मोडलेले हातपाय गुंडाळत होती. तिने कोपरापर्यंत हात धुतले.

"भात निवलाय का? गरम घातलास तर कागद मऊ पडेल."

"केव्हाच. पंख्याखाली ठेवला होता."

व्हिनेगर, साखर, मीठ लावलेला भात ताईने ओल्या बोटांनी कागदावर पसरला. पलीकडची कड दोन बोटं मोकळी सोडली. काकडी, गाजर, अव्होकाडोच्या कांड्या अलीकडे आडव्या ठेवल्या आणि चटई उचलली.

"बोटांनी दाबायचं नाही. खळगे पडतात. तळहाताने."

"हे व्हिडिओत नव्हतं हं."

"व्हिडिओवाल्याला पेशंट ओरडत नाही."

भावजय खळखळून हसली. "खरं सांगू ताई? तुमच्यावाचून या घरातलं पान हलत नाही."

ताईने ते वाक्य नीट घडी घालून ठेवलं.

सहा रोल झाले. सुरी ओली करून तिने प्रत्येकाचे आठ तुकडे केले. मधले सहा गोल, देखणे. दोन्ही टोकांचे मात्र वेडेवाकडे, गाजर बाहेर डोकावणारे.

"ती टोकं ताटात नकोत ताई. छान नाही दिसत."

"बाजूलाच ठेवतेय."

पाहुणे आले. भावजयीच्या वडिलांनी तुकडा उजेडात धरला. "हे काळं काय? मासळीबिसळी नाही ना?"

"नाही हो बाबा, शेवाळ आहे. पाला समजून खा."

"पालाच खायचा होता तर एवढी खटपट कशाला?" असं म्हणत त्यांनी नऊ खाल्ले.

भावजयीच्या आई हळूहळू चावत होत्या. गुडघे दुखरे, पण जीभ तरतरीत. त्यांनी ताईच्या हातावर हात ठेवला. "काय सुबक गुंडाळलंय हो! जायच्या आधी मला शिकवून जा बरं का. आता हे स्वयंपाकघर आम्हा मायलेकींनाच सांभाळायचंय."

भावाने मान खाली घातली आणि ताटात सांडलेली भाताची शितं एकेक करून वेचायला घेतली. दहावीत असताना, आईवडील गेले त्या वर्षी, तो असाच जेवायचा. तेव्हा समोर ताईच बसायची.

"सांगणारच होतो तुला," तो शितांना म्हणाला. "हॉस्पिटलपाशी खोली बघितलीय. चालत जाशील कामावर."

"किती लांब?"

"दहा मिनिटं."

"मग बरंय."

याहून जास्त बोलण्यासारखं काही आहे का, हे ताईने आत चाचपून पाहिलं. काही हाताला लागलं नाही. पहिल्या दिवशी प्लास्टर जड वाटतं, दुसऱ्या दिवशी खाजतं. हे तसंही नव्हतं.

"एक कागद उरलाय," ती आईंना म्हणाली. "या, आत्ताच शिकवते."

सातवा रोल आईंनी केला. त्यांच्या हातांवर ताईचे तळहात होते. कड पाण्याने चिकटवली, चटई सोडली, आणि प्लास्टरखोलीतल्या सवयीने ताईच्या तोंडून निघून गेलं, "आता बोटं हलवा बघू."

सगळे हसले. आईंनी खरंच बोटं हलवून दाखवली. तो रोल न कापता, आईंचा पहिला म्हणून, कौतुकाने झाकून ठेवला.

पाहुणे मागची खोली बघायला गेले. खिडकी उघडल्याचा आवाज आला. "अगंबाई, वारा किती छान येतो!"

ताई ओट्यापाशी उभी राहून टोकं खात होती. गाजर करकरत होतं एवढंच कळत होतं. अधूनमधून ती उजव्या हाताची बोटं उघडझाप करून बघत होती. हलत होती.

कापलेले रोल सहा. छत्तीस तुकडे चौघांनी संपवले. गुंडाळायचा हात आईंना मिळाला, खोली त्या दोघांना, भावाला सुटका. बारा टोकं उरली होती, ती ताईने एकही न टाकता संपवली आणि मग चटई धुवून वाळत घातली.