ज्याने लावली त्यानेच काढायची

बाबा निवृत्त झाले आणि घरात एक अवघड सामान वाढलं. जन्मभर इमारतींच्या डोक्यावर, लिफ्टच्या मशीनरूममध्ये ग्रीसने हात माखून जगलेला हा मिस्त्री आता दिवसभर सोफ्यावर बसून रिमोटची बटणं दाबायचा. बघवेना तेव्हा मुलीने आपला जुना लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात ठेवला. "घ्या बाबा, जीव रमवा."

जीव रमला, आणि जरा जास्तच रमला. दिसलं झाकण की उघडून आत डोकवायचं, हा बाबांचा स्वभावच. या फोल्डरमधून त्या फोल्डरमध्ये त्यांचा नुसता फेरफटका चालायचा. एक दिवस माउसवरचं ते जाडजूड बोट नको तितका वेळ दाबून राहिलं आणि त्यावर अजून असलेला मुलीच्या ऑफिसच्या कामाचा अख्खा फोल्डर घरंगळत जाऊन 'फोटो' नावाच्या फोल्डरच्या पोटात बसला. बाबांना त्याचा पत्ताही नाही.

मुलगी, म्हणजे चिमी, ऑडिटच्या कामाला. चाळिशी आली तरी घरात चिमीच. साहेब डोक्यावर बसलेला आणि फाइल सापडेना. अर्धा दिवस तिने तो लॅपटॉप पालथा घातला. सापडलं तेव्हा आनंद व्हायच्या ऐवजी तिचं डोकं फिरलं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याकडून तिने एक छोटासा प्रोग्राम आणला. तो बसवला की माणसाला फक्त त्याचा एक फोल्डर वापरता येतो, पासवर्डशिवाय बाहेर पाऊल टाकलं की मोठ्या अक्षरांत सूचना झळकते. काय लिहायचं ते आपल्या हातात. कॉम्प्युटरवाला बिचारा म्हणाला होता, "मॅडम, जरा गोडीत लिहा. आणि का बंद केलंय तेही लिहा. नवख्या माणसाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं."

पण रागात गोडी कुठली? तिने लिहिलं, 'बाबा, इथे तुमचं काही काम नाही. गपचूप मागे फिरा.' वर लिहिताना स्वतःशी हसलीसुद्धा. आठवड्याभरात काढून टाकू म्हणाली आणि विसरून गेली.

बाबांनी एका शब्दाने तक्रार केली नाही. तिला वाटलं, चला, सुटलो, त्यांना काही लागतच नसेल.

आता खरं कारण ऐका. लिफ्टच्या खड्ड्यात मिस्त्री उतरायच्या आधी त्याचा जोडीदार वरचा मेन स्विच बंद करतो आणि त्यावर 'माणूस काम करतोय' अशी पाटी अडकवतो. ती पाटी ज्याने लावली त्यानेच काढायची. साहेब येवो, मालक येवो, साक्षात ब्रह्मदेव येवो, दुसऱ्याने तिला हात लावायचा नाही. आणि वरच्या जोडीदाराने 'बंद केलाय रे' म्हटलं की खालच्याने त्या शब्दावर खाली उतरायचं. दोनदा विचारायचं नाही. "दोनदा विचारणं म्हणजे जोडीदाराच्या तोंडावर थुंकणं," असं बाबा सांगायचे. चिमीने हे लहानपणापासून इतकं ऐकलं होतं की तिचे कान किटले होते. पण लॅपटॉपवर आपण जी सूचना लावून बसलो तीही बाबांच्या लेखी पाटीच आहे, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही.

मग एक दिवस तंत्रशिक्षण केंद्रातून बोलावणं आलं. तिथल्या प्राचार्यांना लिफ्टच्या कामासाठी कुणीतरी मुरलेला माणूस हवा होता, आठवड्यातून एक तास शिकवायला. आधी एक व्याख्यान देऊन दाखवा, जमलं तर तास तुमचा. बाबांचा चेहरा असा उजळला की बोलायची सोय नाही. रोज आरशासमोर उभं राहून तयारी सुरू झाली. झिजलेले दोर, घासलेले ब्रेक, त्यांनी नोकरीत असताना काढलेले सगळे फोटो दाखवायचे होते. आणि ते होते घरातल्या सगळ्या फोटोंबरोबर त्या 'फोटो' फोल्डरमध्ये, म्हणजे पाटीच्या पलीकडे.

आदल्या संध्याकाळी बाबा तिच्या दाराशी येऊन उभे राहिले. "चिमे, तेवढी पाटी काढशील का? उद्यापुरती चालेल."

"काढते हो बाबा," ती म्हणाली. तेवढ्यात साहेबांचा फोन आला आणि पाटी जिथल्या तिथे राहिली.

सकाळी टॅक्सीत बाबांनी मांडीवरच्या लॅपटॉपवर हात ठेवून विचारलं, "काढलीस ना?"

चिमी मोबाइलवर साहेबांना उत्तर टाइप करत होती. "हो हो, काढली."

तोंडातून निघून गेलं. खोटं बोलायचं असंही नव्हतं, 'जेवलीस का' म्हटल्यावर 'हो' म्हणतो तसं ते 'हो' होतं. बाबांनी मान डोलावली आणि खिडकीबाहेर बघू लागले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

हॉल भरलेला होता. चिमी शेवटच्या रांगेत बसली. बाबांनी सुरुवात झकास केली, दोन विनोद झाले, मुलं हसली, प्राचार्यांनी मागे रेलून पायावर पाय टाकला. "आता मी तुम्हाला एक दोर दाखवतो," बाबा म्हणाले. "तो बघून माझी झोप उडाली होती." आणि त्यांनी क्लिक केलं.

भिंतभर अक्षरं उमटली. 'बाबा, इथे तुमचं काही काम नाही. गपचूप मागे फिरा.'

आणि असा हशा पिकला की विचारू नका. कुणीतरी मागून ओरडलं, "बाबा, फिरा मागे!" बाबांनी पुन्हा क्लिक केलं, लिफ्ट येत नसली की आपण बटण पुन्हा दाबतो तसं. अक्षरं पुन्हा आली. मग त्यांनी मान वर करून शेवटच्या रांगेकडे पाहिलं.

चिमीला एवढंच करायचं होतं. उठायचं, पुढे जायचं, पासवर्ड टाकायचा. दोन मिनिटांचं काम. पण ती उठली असती तर अख्ख्या हॉलला कळलं असतं की बापाला असं लिहिणारी ती हीच. तिने पर्स उघडली आणि आत काहीतरी शोधू लागली. आत शोधण्यासारखं काहीही नव्हतं.

बाबांनी नजर काढून घेतली.

"माझंच चुकलं बरं का," ते मुलांना म्हणाले. "म्हातारा माणूस, नको तिथे बोटं घालतो. म्हणून मीच सांगून ही पाटी लावून घेतलीय."

पर्समध्ये मान घालून चिमीने ते ऐकलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. तरीही ती उठली नाही.

बाबा फोटोंशिवाय बोलत राहिले. दोर कसा उसवतो ते त्यांनी हाताच्या बोटांनी करून दाखवलं. पण बोटं ती बोटं, त्यात दोर कुणाला दिसणार? हळूहळू मुलांच्या माना मोबाइलमध्ये गेल्या. बाबांनाही ते दिसलं, आणि त्यांनी घाईघाईने आवरतं घेतलं.

"अनुभव दांडगा आहे तुमचा," प्राचार्य दारापर्यंत सोडायला येत म्हणाले. "पण हल्लीच्या मुलांना दाखवावं लागतं हो. कॉम्प्युटर येणारं कुणीतरी बघतो आम्ही." बाबा "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणाले आणि हात जोडून बाहेर पडले.

परतीच्या टॅक्सीत चिमी त्यांच्या रागाची वाट बघत राहिली. शेवटी तिलाच राहवेना.

"बाबा, मला शिव्या तरी द्या!"

"शिव्या कशाला गं," बाबा म्हणाले. "कामाच्या रगाड्यात राहून जातं." त्यांनी लॅपटॉपची पिशवी मांडीवर सरळ केली. ते समजुतीचं बोलणं तिला शिव्यांहून झोंबलं.

घरी आल्यावर चपलासुद्धा न काढता ती लॅपटॉप घेऊन बसली. तो प्रोग्राम मुळासकट उपटून टाकला. आपण लिहिलेलं ते वाक्य पुसताना तिला ते पुन्हा एकदा वाचावं लागलं. मग ती स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. बाबा पाणी पीत होते.

"बाबा, काढली पाटी. आता कुठेही जा, काहीही उघडा."

बाबांनी पेला ओट्यावर ठेवला.

"नक्की?"

आवाजात टोमणा नव्हता, रागही नव्हता. चिमीने मान डोलावली.

"असू दे. मी बघतो एकदा."

ते बाहेर येऊन लॅपटॉपपुढे बसले, चष्मा लावला. आत वीज आहे की नाही याची खात्री नसलेल्या स्विचला हात लावताना, झटका छातीतून जाऊ नये म्हणून मिस्त्री दुसरा हात पाठीमागे धरतात, तसा बाबांनी डावा हात पाठीमागे नेला. मग त्यांनी एक फोल्डर उघडला, पाहिला, बंद केला. दुसरा उघडला, पाहिला, बंद केला. चिमी शेजारी उभी होती, आणि बाबा एकेक करून सगळे तपासत होते.