गोदामातलं जहाज

आमच्या सासूबाईंनी, भागिरथीबाईंनी, मीठ सोडलं आणि जाच मात्र माझ्या मागे लागला. त्यांचा धाकटा मुलगा देवेंद्रकुमार नौदलात वैमानिक. तो भर समुद्रात, चालत्या जहाजाच्या पाठीवर विमान उतरवतो, हे एकाहत्तरच्या लढाईनंतर त्यांना कोणीतरी वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्या मंदिरात जाऊन नेम घेऊन आल्या: देवेंद्र विमान सोडेल त्या दिवशीच मीठ खाईन. तेव्हापासून आमच्या घरात रोज दोन डाळी शिजतात. शिजवते कोण? मी, थोरली सून हिराबाई.

यंदाच्या उन्हाळ्यात तर त्या दोनदा चक्कर येऊन पडल्या. डॉक्टरांनी बजावलं, मी हात जोडले, माझे यजमान कांतीलाल ओरडून ओरडून थकले. शेवटी देवेंद्रभाऊजींना तार केली. ते आमच्या गावी, शेलूबाजारला, जीपमधून उतरले आणि बूट काढायच्या आधी विचारलं काय, तर मंगरूळपीरहून परतीची गाडी कधी आहे. माझं डोकंच फिरलं.

बरं, आईजवळ बसून चार शब्द बोलावेत, तर ते नाही. त्यांनी आमच्या धान्याच्या दुकानाचं गोदाम ताब्यात घेतलं. "आमच्याकडं शिकाले जमिनीवरच खोटं विमान असते, वैनी. आईले तसंच दाखवतो. न पाह्यलेल्याचंच भेव जास्त असते," म्हणाले.

पोती वाहायची ढकलगाडी म्हणजे विमान. त्यावर बसायला माझ्या स्वयंपाकघरातला पाट. मागे हमालांचा पोती उचलायचा आकडा लोंबता सोडला. ओट्यावर चुन्याने जहाज आखलं आणि त्यावर चार दोऱ्या आडव्या ताणून त्यांची टोकं ज्वारीच्या पोत्यांना बांधली. ओट्याच्या कडेला लागून सरकीचा ढीग होता, तो समुद्र. गाडी ढकलायला कांतीलाल आणि आमचा हमाल देवला. बसणाऱ्याच्या हातात एक दांडा. तो पुढे केला की दोघांनी जोर लावायचा, मागे ओढला की हात सोडायचे. आकडा दोरीत अडकला की विमान उतरलं. नाही अडकला आणि जोर असला, तर गाडी वळवून पुन्हा फेरी. जोर नसला तर थेट समुद्रात. इंजिनाची घरघर भाऊजी तोंडाने करणार. आणि हे सगळं भर बाजाराच्या दिवशी, गिऱ्हाइकं दारात उभी असताना! मी कपाळाला हात लावला.

सासूबाई उंबऱ्यावर बसून पाहत होत्या. दोन फेऱ्या पाहिल्या आणि पदर खोचून उठल्या. "मले बसव त्याच्यावर."

पहिल्याच खेपेला दोऱ्या दिसताच त्यांनी दांडा मागे ओढला. आकडा चारही दोऱ्यांवरून घसरत गेला आणि सासूबाई गाडीसकट सरकीत. मी किंचाळलेच.

"आई, दांडा मागं काहून ओढला?" भाऊजींनी त्यांना उठवत विचारलं.

"पोचलो ना आपन! पोचल्यावर कोनी जोर लावते काय?"

"तिथंच तं लावा लागते. दोरी चुकली तं पुन्हा उडाले जोर पायजे. टेकलं की दांडा पुढं."

"म्हंजे दोरी चुकते?"

भाऊजी जरा गडबडले. "कधीमधी," म्हणाले. सासूबाईंनी केसांतली सरकी झटकली आणि पुन्हा पाटावर बसल्या.

या वेळी त्यांनी दांडा पुढे दाबला. आकडा तीन दोऱ्यांवरून उडाला आणि शेवटच्या दोरीत अडकला. पोती करकरत सरकली, देवला आणि कांतीलाल ढकलतच होते, आणि गाडी कडेशी येऊन थांबली. देवलाने शिट्टी मारली. सासूबाई खाली उतरल्या आणि त्या ताणलेल्या दोरीवरून हात फिरवत उभ्या राहिल्या.

दिवस मावळायच्या आत आम्ही जेवायला बसलो. भाऊजींचा चेहरा जिंकून आल्यासारखा. "पाह्यलं ना आई? आता खाय मीठ."

"पाह्यलं. तुहं काम लय हिमतीचं हाये. नोकरी सोडू नको."

मी धावत मिठाच्या डाळीचं भांडं घेऊन आले. सासूबाईंनी वाटीवर हात आडवा धरला.

"आतालोक मले वाटे, जहाज तुले धरून ठेवते. आज समजलं, सारं त्या एका दोरीवर हाये. इतकी सालं माह्या नेमानं ती चुकली नाई. अन् आता मी नेम मोडू?"

म्हणजे मुलाने विमान सोडायचं नाही आणि विमान सोडेपर्यंत यांनी मीठ खायचं नाही! "अहो आई, मग हा नेम फिटणार कधी?" मी ओरडले. संतापाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या शांतपणे अळणी डाळ कालवत राहिल्या. त्या दिवसापासून परतीच्या गाडीचं नाव भाऊजींनी काढलं नाही, रजा संपेपर्यंत आईजवळच बसून होते.

जायच्या दिवशी मंगरूळपीरच्या स्टँडवर सासूबाईंनी गाडीच्या खिडकीतून त्यांचा हात धरला. "टेकलं की दांडा पुढं," एवढंच बोलल्या. भाऊजींनी मान हलवली.

घरी येऊन मी चूल पेटवली, भांडी आदळली, आणि त्या दिवशी एकच डाळ शिजवली. अळणी. सासूबाईंना वाढली आणि माझ्याही ताटात वाढून घेतली. काय करणार? एक दोरी चुकली तर दुसरी हवी.