जुनी वेळ की नवी?

"माणूस खोटं बोलेल काका, मशीन कशाला बोलेल?" बेनशक्रून साहेबांनी छापील कागद टेबलावरून पुढे सरकवला. "काल साडेतीनला राऊटर बंद पडून परत चालू झालाय. रमजानात ऑफिस तीनला सुटतं. मागे कोण उरलं? तुम्हीच ना?"

इय्याद काकांनी कागद उलटसुलट करून पाहिला. केस काळे होते तेव्हापासून ते मोरोक्कोतल्या साफी बंदराच्या या सार्डिन माशांच्या कारखान्यात पहारेकरी होते. काल इंटरनेट तुटून निर्यातीची कागदपत्रे अर्ध्यावरच अडकली, माशांचा कंटेनर बंदरात राहिला आणि आता कुणाच्या तरी माथी खापर फुटणे भाग होते.

"लागला असेल माझाच पाय वायरीला," काका शेवटी म्हणाले. "मशीन म्हणतंय म्हणजे..." त्यांनी कमरेचा चाव्यांचा जुडगा सोडला आणि कागदावर ठेवला.

दाराशी उभ्या रुकियाला वाईट वाटले. पण खरे सांगायचे तर थोडा अभिमानही वाटला. कारखान्याचे नेटवर्क तिच्याकडे होते. पूर्वी राऊटर बंद पडला की त्याच्या पोटातले सगळे पुसले जायचे आणि ज्याला विचारावे तो 'अल्लाला ठाऊक' म्हणून खांदे उडवायचा. साहेबांच्या मागे लागून तिने एक जुना कॉम्प्युटर मिळवला. वायर निसटली, राऊटर नव्याने सुरू झाला, काहीही घडले की त्याची वेळेसकट नोंद आपोआप तिथे जाऊन पडेल अशी सोय तिने थंडीतच केली होती. तिच्या या नोंदींनी पकडलेला हा पहिलाच गुन्हा.

संध्याकाळी रोजा सोडून ती हरीराचे सूप पीत होती. तेवढ्यात भावाचा फोन आला, दहाला येतो म्हणाला.

"जुन्या वेळेनं की नव्या?" आईने विचारले. रमजान लागला की देशभरची घड्याळे तासभर मागे जातात, पण आईने स्वयंपाकघरातल्या घड्याळाला कधी हात लावला नव्हता. "मला काय ते नीट सांगत जा बाई!"

रुकियाच्या हातातला चमचा तसाच राहिला. नोंदी कुठे पाठवायच्या, कोणत्या पाठवायच्या, सगळे तिने राऊटरला शिकवले होते. रमजान लागल्याचे मात्र त्याला कुणी सांगितले नव्हते. त्याचे साडेतीन म्हणजे साऱ्या गावाचे अडीच. आणि काल अडीचला स्पेनचे पाहुणे बसले होते, साहेब स्वतः राऊटरच्या कोपऱ्यात वाकून प्रोजेक्टरची पिन लावत होते.

सकाळी तिने ते जसेच्या तसे साहेबांना सांगितले. "घड्याळ लावायला मी चुकले, साहेब."

साहेबांनी पेनाचे टोपण काढले, पुन्हा घातले. "हं. एक पिन काढली होती खरी मी," ते पुटपुटले. "बरं, घड्याळ नीट करा. काकांना बोलावून घ्या. आणि उगाच गावभर करू नका."

तिने राऊटरची वेळ दुरुस्त केली आणि चाव्या घेऊन थेट काकांचे घर गाठले. काका उंबऱ्यावर बसले होते.

"बरं झालं पोरी, चाव्या दिल्या त्या," तेच आधी बोलले. "हल्ली माझं काही खरं नाही. काल सुनेनं, तामूनं, नातवालाही घेऊ दिलं नाही मला. म्हणाली, वायरीत पाय अडकवून घेता, पोराला पाडाल."

रुकियाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. "काका, तुमचा पाय नव्हताच. पिन साहेबांनी काढली होती. माझं घड्याळ तासभर पुढे होतं."

"खरं?"

"अगदी खरं."

ती शिव्यांची वाट पाहत होती. काकांनी मात्र घराकडे मान वळवली.

"मग जरा मोठ्यानं सांग. आत ऐकू जाऊ दे."

रुकियाने मोठ्याने सांगितले. गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या, तरी ती थांबली नाही. आत कांदा चिरल्याचा आवाज बंद झाला. थोड्या वेळाने तामू नातवाला घेऊन बाहेर आली. तिने त्याला काकांच्या मांडीवर ठेवले, पण आपला एक हात पोराच्या पाठीखाली तसाच राहू दिला.