चुकलं म्हणणारं बटण

गुणाजी सावंतांनी गिरणीच्या साचाखात्यात वीस वर्षं मागांचा खडखडाट सोसला आणि अर्धे कान तिथेच ठेवून आले. त्यामुळे आवाजाचा त्रास होतो म्हणणं ही लाडावलेल्या पोरांची थेरं, असं त्यांचं ठाम मत. नात राधा नऊ वर्षांची. ती तोंडाने बोलत नसे. टॅबवरची चित्रं दाबायची, मग तिच्या आईच्या, दीप्तीच्या आवाजात टॅब बोलायचा. गोंगाट वाढला की ती लाल हेडफोन चढवायची. त्यातून गाणी-बिणी काही नाही, बाहेरचा आवाज तेवढा कमी व्हायचा.

कांदिवलीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत गणपतीच्या आरतीला अख्खा मजला लोटायचा. यंदा दीप्तीने लुकलुकणारी माळ लावलीच नव्हती. राधाची जागा दाराजवळ, दमली तर पटकन बाहेर जाता यावं म्हणून. पहिल्या दिवशी पोरीने हेडफोन लावून आरती हसत ऐकली. गुणाजींना मात्र देवापुढे ते झाकलेले कान बघवेनात. दुसऱ्या संध्याकाळी दीप्ती नैवेद्य आणायला आत गेली, तेवढ्यात त्यांनी हेडफोन काढून झांजांच्या पिशवीत टाकले आणि झांज वाजवायला घेतली.

राधा कान दाबून किंचाळली. धावत सुटली ती थेट दीप्तीच्या हातातल्या नैवेद्याच्या ताटावर. मोदक खोलीभर झाले.

"पोरीला आवरा गं कुणीतरी," शेजारच्या प्रेमाकाकू म्हणाल्या.

दीप्तीला वाटलं, हेडफोन राधानेच कुठेतरी भिरकावले. माणसं गेल्यावर तिने टॅबवर माफी मागायचं चित्र उघडून पोरीपुढे धरलं. "आबांना सांग," ती गुणाजींकडे बोट करून म्हणाली.

राधाने बटण दाबलं. "चुकलं," टॅब म्हणाला.

गुणाजी झांजा पिशवीत भरत राहिले.

"पुन्हा दाब. आबांना कमी ऐकू येतं."

"चुकलं."

"अजून एकदा."

"चुकलं."

"असू दे," गुणाजी म्हणाले, आणि वर मोठ्या मनाने हातही हलवला. त्या हाताची त्यांना मग फार लाज वाटली. गिरणीतला पहिला आठवडा आठवला. कानांत कापूस कोंबला होता, तो खात्यावरच्या मुकादमाने, जॉबरने, सगळ्यांदेखत उपटून काढला होता आणि अख्खं खातं हसलं होतं. ज्याला ते जन्मभर शिव्या घालत आले, त्या जॉबरपेक्षा आपण वेगळं काय केलं? उलट त्याने निदान लपवाछपवी केली नव्हती.

सकाळी दीप्ती बॅग भरत होती, राधा शेजारी टॅब घेऊन बसली होती. गुणाजींचा मुलगा निलेश खाली रिक्षा बघायला गेला होता.

"मुलुंडला आईकडे राहतो आम्ही विसर्जनापर्यंत," ती म्हणाली. "नाही झेपत तिला. पुढच्या वर्षीपासून गणपतीत तिला इथे नकोच."

हो म्हटलं की विषय मिटला असता. कुणाला काही कळलं नसतं. जिला ठाऊक होतं ती सांगणार नव्हती, आणि नेमकं तेच गुणाजींना सहन होईना. त्यांनी पिशवीतून हेडफोन काढले.

"मी काढले होते, दीप्ती. तिचा काही दोष नाही."

दीप्ती हातातल्या फ्रॉकची पुन्हा पुन्हा घडी घालत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"ता कालचा चित्र दाखव माका," टॅबकडे बोट करत ते तिला म्हणाले. आवाज कापरा झाला की ते नकळत मालवणीत शिरत.

त्यांनी बटण दाबलं. "चुकलं," टॅब म्हणाला.

राधाने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. त्यांचं बोट धरलं आणि पुन्हा त्याच चित्रावर टेकवलं.

"चुकलं."

"बस कर, राधा," दीप्तीने तिचा हात धरला.

"राहू दे गो," गुणाजी म्हणाले. "काल माका तिन्ही वेळा ऐकू इला होता."

तिसऱ्यांदा त्यांनी आपणहून दाबलं. राधाने त्यांच्या हातातून हेडफोन घेतले, कानांवर चढवले आणि दाराजवळच्या आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.