बिल्ला भाऊजींचा, छाती मेहुण्याची

ड्रिलवाल्याला खाणीच्या डॉक्टरांनी कधी नापास केलं नाही, पण त्यात त्याच्या छातीची कर्तबगारी शून्य. सगळी मेहुण्याची. दरवर्षी एक्स-रे व्हायचे आणि फोटोत काही दिसलं की नोकरी गेलीच म्हणून समजा. मग गड्यांनी शक्कल लढवली. आपला नंबरचा बिल्ला धडधाकट माणसाच्या गळ्यात घालायचा आणि त्याला मशीनपुढे उभं करायचं. मेहुणा खाणीच्या कँटीनमध्ये चहा करायचा, खाली कधी उतरलेलाच नव्हता.

"छाती पुढे काढू की पोट, भाऊजी?" म्हणत हसत हसत जायचा.

आता मात्र ड्रिलवाल्याला दोन पायऱ्या चढल्या की धाप लागायची. शेवटी बायकोने त्याला शहरातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी खाणीतून मागवलेले जुने फोटो नव्या फोटोशेजारी लावले.

"अ‍ॅस्बेस्टॉसच्या दगडाचे बारीक तंतू फुप्फुसात रुतलेत," त्या म्हणाल्या. "पण जुन्या फोटोत बरगडी मोडून जुळलेली दिसते. तुमची तर धड आहे. आणि या जुन्या फोटोत दोन वर्षांपूर्वीच डाग होता. ताबडतोब फेरतपासणीला या, अशी खाणीच्या डॉक्टरांची चिठ्ठी गेली होती तुम्हाला, इथे नोंद आहे."

चिठ्ठी आली होती. ती वाचून त्याने गुपचूप जाळून टाकली आणि पुढे खाणीतूनही कुणी विचारलं नाही. खोकला होताच, त्यामुळे गड्याला वाटलं, आपलंच दुखणं उघडं पडलं. त्या दिवशी मशीनपुढे आपण उभेच नव्हतो, ही साधी गोष्ट त्याच्या डोक्यात शिरली नाही.

"बरगडी माझ्या भावाची मोडली होती," बायको म्हणाली.

"तोही खाणीत आहे?"

"कँटीनमध्ये. सगळ्यांचे धुळीचे कोट तोच झटकून ठेवतो."

"अजूनही?" डॉक्टरीणबाईंनी जुना फोटो पुन्हा उजेडात धरला. "तेव्हाच त्याला धुळीतून बाहेर काढलं असतं, तर बरंच वाचलं असतं."

बायको नवऱ्याकडे वळली. "चिठ्ठी आली होती?"

"मला वाटलं, माझंच दुखणं. म्हटलं, तुझ्या जिवाला घोर कशाला."

"मला दाखवायची होतीत. फोटोला कोण उभं होतं, हे माझ्या तरी लक्षात होतं. त्याच दिवशी कानाला धरून आणलं असतं त्याला."

भावाला कँटीनमधून उठवून आणायला ती एकटीच निघाली.