मागच्या दाराबाहेर

मुजीबला हॉटेल लायनीत एकोणीस वर्षं झाली होती. आधी पाचगणीला सीझनमध्ये वेटर, मग साताऱ्यात वेटरांवरचा कॅप्टन, आणि गेली पाच वर्षं कुपवाडच्या एमआयडीसीपलीकडे, फाट्यावरच्या ‘मेघतरंग’ या लाइव्ह म्युझिक बारचा मॅनेजर. गिऱ्हाईक कसं सांभाळावं हे मुजीबकडून शिकावं, असं मालक दादासो चारचौघांत सांगायचे. चढलेल्या माणसाला तो कधी हात लावायचा नाही. बाजूबाजूनं चालत ‘या सायेब, जरा वाऱ्याला बसू’ म्हणायचा. दार मागे बंद झाल्यावरच त्या माणसाला कळायचं की आपल्याला बाहेर काढलंय.

मे महिन्यातल्या त्या शनिवारी साडेआठच्या सुमाराला सात नंबरच्या टेबलावरचा माणूस काउंटरपाशी आला. तिशीचा, अंगात कारखान्याचा निळा शर्ट. एकटाच आला होता आणि दोन तासांत त्यानं एक बिअर संपवली होती.

“मॅनेजर, माझी फर्माईशीची चिठ्ठी पावणेसातला दिलीया,” तो म्हणाला. “अजून लागली न्हाई.”

“लागणार सायेब. नंबरनं लागतंय.”

“नंबरनं कुठं? त्या पुढच्या टेबलाचं आठवं गाणं चाललंय. मी मोजतोय हितं बसून.”

ते खरं होतं. पुढच्या टेबलावर लालासाहेब नावाचे बडे कंत्राटदार आठ माणसं घेऊन बसले होते, आणि आज त्यांचं मन मोडायचं नाही असं दादासोंनी दुपारीच बजावलं होतं. गाणाऱ्या रेश्मानं मघाशी दोनदा मुजीबकडे बघून सात नंबरची चिठ्ठी वर धरली होती. मुजीबनं दोन्ही वेळा नकाराची मान हलवली होती.

“माझ्या आईचं आवडतं गाणं हाय वो,” तो माणूस सांगत होता. “तिला डोळ्यांनी दिसत न्हाई, कुठं जात-येत न्हाई ती. बाईंनी तिचं नाव घेऊन एवढं गाणं म्हणलं की मोबाईलवर घेतो आन जातो. पाच मिन्टांचं काम.”

“रेकॉर्डिंगला परवानगी न्हाई सायेब. बोर्ड लावलाय.”

“मग तुमच्या वेटरनं व्हय कशाला म्हणलं? दोन तास बसवून ठेवलंसा मला. तक्रारीची वही द्या.”

वही होती, पण ती कुणाला द्यायची नाही हाही दादासोंचाच नियम होता. “वही नाही” म्हटल्यावर त्या माणसाचा आवाज चढला. शिवी एकही नव्हती त्यात, पण नेमकं तेव्हाच गाणं संपलं आणि त्याचं बोलणं सगळ्या हॉलला ऐकू गेलं. “पैशेवाल्याला आठ गाणी आन आमाला एक बी न्हाई, असली कसली सर्व्हिस?” लालासाहेबांच्या टेबलावरचे दोघं खुर्च्या मागे सारून उठले.

पुढच्या दाराकडे जायचं तर त्या टेबलाला घासून जावं लागलं असतं. मुजीबनं क्षणभर विचार केला आणि माणसाचा दंड धरला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. किचनमधून त्याला जवळजवळ ढकलत नेलं आणि मागचं दार उघडलं. बाहेर दिवा नव्हता. समोर कुणाचातरी ऊस काळ्या भिंतीसारखा उभा होता.

“उजव्या अंगानं पाऊलवाट हाय. फाट्यावर निघतीया. जावा गुमान.”

“आवं, माझा मोबाईल टेबलावर ऱ्हायला—”

मुजीबनं कडी घातली. दारावर थापा पडल्या. चार, पाच. मग बंद झाल्या. आत रेश्मानं लालासाहेबांचं नववं गाणं सुरू केलं होतं.

मोबाईल वेटरनं काउंटरवर आणून दिला. उद्या येईल न्यायला, म्हणून मुजीबनं तो खणात टाकला. रात्रभरात त्याची बॅटरी संपली.

रविवारी चारच्या सुमाराला हॉल रिकामा होता, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या. पन्नाशीचा एक उंच माणूस आत आला. केस बारीक कापलेले, पांढऱ्या शर्टाची गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. लष्करातला असणार हे सांगायची गरज नव्हती. त्यानं खिशातून फोटो काढून काउंटरवर ठेवला.

“मी मानसिंग. सुभेदार हुतो, आता रिटायर हाय. हा माझा धाकटा भाऊ, जयराज. काल सांजंला ह्याच्या दोस्तानं फाट्यावर सोडला त्याला. घरी आला न्हाई. तुमच्याकडं आलता का?”

फ्रीजपाशी बाटल्या बघत दादासो उभे होते. मुजीबनं तिकडे पाहिलं. दादासोंनी नकाराची मान अगदी थोडी हलवली.

“न्हाई,” मुजीब म्हणाला. “असं कुणी आलं न्हाई.”

“फोटो नीट बघा.”

“न्हाई सायेब. शनिवारी गर्दी असती, पर चेहरा ध्यानात ऱ्हातोय माझ्या.”

मानसिंग लगेच गेला नाही. फोटोच्या मागे त्यानं आपला नंबर लिहिला आणि फोटो मुजीबच्या हाताजवळ सरकवला. मग म्हणाला, “बरं. मग कालव्याच्या अंगाला बघतो.”

तो गेल्यावर दादासो म्हणाले, “कुठंतरी पडला असंल पिऊन. यील घरी. आपण कशाला नाव लावून घ्यायचं? उद्या कायतरी निघालं तर लायसन जाईल, आन तुझी नोकरी बी.” त्याच संध्याकाळी कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ज्यात असतं तो डबा त्यांनी स्वतः काढून गाडीत ठेवला. कुणी विचारलं तर रिपेरीला दिलाय म्हणायचं ठरलं. खणातला जयराजचा मोबाईलही त्यांनीच मागून घेतला.

मुजीबनं स्वतःची समजूत घातली. एका बिअरनं काय होतंय? वाट उजवीकडं सांगितली होती. आपण तर त्याला माराच्या तावडीतून वाचवला. हे सगळं तो रात्रभर मनात घोळवत राहिला, आणि प्रत्येक वेळी त्या दारावरच्या थापांपाशी येऊन अडायचा.

सोमवारी भर दुपारी मानसिंग परत आला. या वेळी गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला होता. खुर्ची उतरवून तो सात नंबरच्याच टेबलाला बसला. त्याला ते माहीत असणं शक्य नव्हतं, तरी मुजीबनं पुसलेलाच काउंटर पुन्हा पुसायला घेतला.

“कालपास्नं कालव्यात गळ टाकतोय,” मानसिंग म्हणाला. “तीस माणसं हायत गावची. न्हाई घावला.” त्यानं पाणी मागितलं, प्यायला, ग्लास जपून खाली ठेवला. “काल तुमी ‘न्हाई’ म्हणायच्या आधी मालकाकडं बघितलं.”

मुजीबची नजर फ्रीजकडे गेली.

“आज मालक हितं न्हाईत. आज कुणाकडं बघणार?”

आवाज जराही चढला नव्हता. मुजीबनं कितीतरी मारामाऱ्या बघितल्या होत्या, अंगावर बाटल्या झेलल्या होत्या. त्या माणसांपुढे काय करायचं ते त्याला येत होतं. हा माणूस नुसता बसला होता, हात मांडीवर, आणि वाट बघत होता.

“सायेब, खरंच आलं न्हाईत ते,” मुजीब म्हणाला. त्याचा स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला.

“बरं,” मानसिंग उठला. खुर्ची पुन्हा टेबलावर उलटी ठेवली. “उद्या परत येतो.”

त्या संध्याकाळी पहिल्या ब्रेकला रेश्मा पाणी प्यायला किचनमध्ये गेली आणि उलट्या पावली काउंटरपाशी आली. ती लोणंदची, चाळिशीकडे झुकलेली, फारसं कुणाशी न बोलणारी बाई.

“मागं कुणीतरी वरडतंय,” ती म्हणाली.

“रानडुकरं हाकलत असतील उसातली.”

“डुकरं हाकलताना माणूस असं वरडत न्हाई, मुजीबभाऊ. लय बारीक आवाज हाय. शनिवारचं ते सात नंबरचं गिऱ्हाईक... गेलं ना नीट?”

मुजीबनं स्टेजकडे बघितलं. “गेलं,” तो म्हणाला, आणि कीबोर्डवाल्याला हातानंच खूण केली, सुरू कर. त्या रात्री त्यानं दुसरा ब्रेक होऊच दिला नाही. गाण्याला गाणं जोडत राहायला सांगितलं. रेश्मा गाताना सारखी त्याच्याकडे बघत होती.

घरी गेल्यावर त्याला अंथरुणावर पडवेना. बायको शाझियानं दोनदा विचारलं, तब्येत बरी नाही का. फजरची अजान झाली तेव्हा तो उठला, मोटारसायकल काढली आणि तांबडं फुटायच्या सुमाराला मेघतरंगच्या मागच्या दाराशी येऊन उभा राहिला.

उजवीकडे पाऊलवाट होती, शनिवारी सांगितली तशीच. पण दाराला पाठ करून उभं राहिलं तर उजवीकडे, आणि दाराकडे तोंड करून थापा मारत राहिलेल्या माणसाला डावीकडे. ते त्याला आत्ता, तिथं उभं राहिल्यावर कळलं. दुसऱ्या बाजूला उसाची पानं मोडून आत गेलेली होती. तो तसाच आत शिरला. चाळीसेक पावलांवर ऊस संपला आणि जमीनही संपली. कठडा नसलेली जुनी विहीर, काठावर घाणेरीचं रान माजलेलं. त्या रानाला मध्येच भगदाड पडलं होतं.

त्यानं हाक मारली. काही नाही. नाव घेऊन मारली. “जयराज! जयराजभाऊ!”

खालून दगडावर दगड आपटल्याचा आवाज आला. मग थांबला. मग पुन्हा आला, सावकाश.

मुजीबनं मोबाईल काढला. दादासोंचं नाव सगळ्यात वर होतं. ते ओलांडून, खिशातला फोटो उलटा धरून, त्यानं मागचा नंबर लावला. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

“मी मेघतरंगचा मुजीब. तुमचा भाऊ हितं हाय. हाटेलाच्या मागं, विहिरीत. जिता हाय.”



“कवापास्नं?” मानसिंगनं विचारलं.

“शनिवारपास्नं.”

फोन बंद झाला.

वीस मिनिटांत दोन जीपा भरून माणसं आली. दोर आले, बाज आली. कालव्यात तीस माणसांनी दोन दिवस शोधलेला माणूस मेघतरंगच्या किचनपासून हाकेच्या अंतरावर, कंबरभर चिखलात, एका दगडाला पाठ लावून बसला होता. उन्हाळ्यानं आटलेल्या पाण्यानंच त्याला बुडू दिलं नव्हतं आणि जगवलंही होतं. डाव्या नडगीचं हाड बाहेर आलेलं होतं. त्याच्या घशातून आवाज निघत नव्हता. बाज वर येताना मुजीबनं कोपऱ्याला हात लावला, तर मानसिंगनं त्याच्याकडे बघितलं. मुजीबनं हात काढून घेतला.

मिरजेच्या दवाखान्यात त्याच दिवशी जयराजचा पाय गुडघ्याखाली कापला. रविवारी आणला असता तर प्रयत्न करता आला असता, असं डॉक्टर बोलून गेले.

बुधवारी मुजीब दवाखान्यात गेला. कुणी बोलावलं नव्हतं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर मानसिंग ताठ बसला होता. मुजीब समोर उभा राहिला. काय बोलायचं ते त्यानं वाटेत जुळवलं होतं.

“आज बोलला तो,” मानसिंगच म्हणाला. “त्याला खाली समदी गाणी ऐकू येत हुती. तुमच्या बाई लय चांगल्या गातात म्हणत हुता. गाणं संपलं की ह्यो वरडायचा. रविवारी बी वरडला. सोमवारी एकदा लय मोठी गॅप पडली म्हणं. जीव खाऊन वरडला तवा. वाटलं, आता कुणीतरी यील.” तो थांबला. “मग परत गाणी सुरू झाली, ती थांबलीच न्हाईत.”

मुजीब म्हणाला, “ते मी... मीच सांगितलं हुतं थांबू नका म्हणून.”

मानसिंगनं मान हलवली. रागावला नाही, उठला नाही. एखादी गोष्ट नोंदवून घ्यावी तशी मान हलवली, आणि तेच मुजीबला सहन होईना. तो तिथून निघाला तो थेट पोलीस ठाण्यात. दंड धरल्यापासून कीबोर्डवाल्याला केलेल्या खुणेपर्यंत सगळं त्यानं सांगितलं. कॅमेऱ्यांचा डबा कुठं आहे तेही सांगितलं. जबाब घ्यायला दोन तास लागले. दुसऱ्या दिवशी रेश्मानंही आपला जबाब दिला आणि लोणंदला निघून गेली. दादासो आणि मुजीब, दोघांवरही गुन्हा दाखल झाला. मेघतरंगला कुलूप लागलं. मुजीब आता कुपवाडला एका गोदामात माल उतरवून घ्यायचं काम करतो. तिथं गिऱ्हाईक येत नाही.

पहिली तारीख पडली ती दिवाळीच्या आधी. कोर्टाच्या व्हरांड्यात वकील यायचे होते. मानसिंग एकटाच आला होता, तोच गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट. तो येऊन मुजीबशेजारी बाकावर बसला. दोघंही समोरच्या झाडाकडे बघत राहिले. शिपायानं दोन-तीन पुकारे केले, दुसऱ्याच कुणाचे.

“घरी कोण कोण असतं?” मानसिंगनं विचारलं.

“बायको. दोन मुली.”

“मुली शाळंला जातात?”

“व्हय. थोरली नववीला, बारकी पाचवीला.”

“आन घर कुठं म्हणला तुमचं?”

हा आपल्या दाराशी येणार हे मुजीबला कळलं, कशासाठी ते कळेना. खोटं सांगणं सोपं होतं. कुठल्याही गल्लीचं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. त्यानं बाजूला वळून मानसिंगच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथं काहीही वाचता येत नव्हतं.

त्यानं गल्लीचं नाव सांगितलं. चक्कीपासून तिसरं घर, हिरवं दार.

“बरं,” मानसिंग म्हणाला.