‘वैरी मेव्हणा’ची चौदावी तळटीप

प्रयागबाईंच्या घरी त्यांच्या नवऱ्याची स्तुती करायला आजवर कोणी आले नव्हते. त्यामुळे सौरव नावाचा प्राध्यापक पेढ्यांचा डबा घेऊन हिंगणा रोडवरच्या त्या घरी आला, तेव्हा बाईंनी आधी डब्याकडे पाहिले आणि मग त्याच्या पायांकडे. विमा विकणाऱ्यांच्या पायांत बूट असतात. याच्या पायांत चपला होत्या. म्हणजे मामला त्याहून वाईट.

“आजी, दादाजी काळबांडे तुमचेच यजमान ना? टुरिंग टॉकीजवर ऑपरेटर होते?”

“होते. काहून?”

“त्यांनी एक अजरामर कलाकृती घडवली आहे.”

प्रयागबाईंनी पेढ्यांचा डबा हळूच परत त्याच्याकडे सरकवला.

सौरवला एका भंगारवाल्याकडे एकावर एक बांधलेले फिल्मचे जुने डबे सापडले होते आणि त्याच क्रमाने त्याने ते लावून पाहिले होते. झाकणावर ऑपरेटरचे नाव आणि गाव, नरखेड, रंगवलेले होते. सिनेमाचे नाव ‘वैरी मेव्हणा’. त्यावर त्याच्या फिल्म मंडळाने चाळीस पानी पुस्तिका छापायला घेतली होती, आणि रविवारी सीताबर्डीच्या एका हॉलमध्ये सिनेमा दाखवून ती वाटायची होती. दादाजींच्या वतीने प्रयागबाईंनी मंचावर यावे, एवढेच त्याचे मागणे होते. कच्ची प्रत ठेवून, उद्या येतो म्हणून तो गेला.

सून दीपमाला खूश झाली. “आई, बाबांचं नाव छापून येऊन राहिलं! पेढा तरी खा.”

“तू खा वं. मले आधी पाहू दे, कोणाचं नाव कशासाठी येऊन राहिलं ते.”

प्रयागबाई अक्षरे शिकल्या त्या बावन्नाव्या वर्षी, वस्तीतल्या साक्षरता वर्गात. नवऱ्याचे नाव त्यांनी तोंडाने कधी घेतले नव्हते, पण पाटीवर पहिले नाव तेच काढले होते. आजही त्या ओळीखाली बोट ठेवूनच वाचत. दुपारभर त्यांचे बोट त्या पुस्तिकेवरून गोगलगायीसारखे सरकत राहिले.

‘नायकाच्या छातीत गोळी शिरते आणि पुढच्याच क्षणी संत्र्याच्या झाडातून डिंक गळू लागतो. मानव आणि वनस्पती यांचे रक्तसंबंध इतक्या धीटपणे पडद्यावर पूर्वी कोणी मांडले नव्हते. आधी मरण, मग डिंक, मग लग्न आणि शेवटी नायकाचा जन्म. काळाचे जाते उलटे फिरवणारा हा कलावंत नरखेडच्या तंबूत बसला होता.’

प्रयागबाईंचे बोट थांबले. कानांत ती जुनी हाक घुमली. ‘ए उलट्या दादाजी!’

ते नाव पडले त्या दसऱ्याला त्यांनीच डब्यांची पूजा केली होती. घरोघरी विळे-नांगर पुजतात, तशी टॉकीजवर मशीन आणि डबे पुजायची रीत. प्रयागबाईंना आकडे येत नव्हते, म्हणून नवऱ्याने प्रत्येक डब्यावर कुंकवाचे ठिपके देऊन ठेवले होते. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. त्यावरून त्या एकेक डबा त्याच्या हाती देत. त्या दिवशी त्यांनी भक्तिभावाने सगळ्या डब्यांवर हळद-कुंकवाची पाच-पाच बोटे ओढली. ठिपके त्याखाली गेले. संध्याकाळी नवरा हिवतापाने फणफणला आणि मशीन प्रयागबाईंना चालवावी लागली. सिनेमाआधी दाखवायची संत्र्याच्या डिंक्या रोगावरची सरकारी फिल्मही त्याच ढिगात होती. ठिपके दिसेनात, तेव्हा हाताला येईल तो डबा त्या लावत गेल्या. नायक मेला आणि पडद्यावरून आवाज आला, “शेतकरी बंधूंनो, वेळीच उपाय करा!” तंबूत आधी हशा पिकला, मग चपला उडाल्या.

मालक धावत आला. “कोणी लावली रे फिल्म?”

घोंगडी पांघरलेला नवरा बाजेवरून उठला. “मीच लावली. तापात डोकं फिरलं.”

त्या रात्री लागले त्याच क्रमाने डबे बांधले गेले आणि त्याने पुन्हा कधी मशीनला हात लावला नाही. हिंगण्याच्या कारखान्यात लागला, तर कंपनीच्या बसमध्येही ते नाव त्याच्या आधी चढून बसले होते. मरेपर्यंत त्याने खरे सांगितले नाही, आणि प्रयागबाईंनीही नाही.

आता ही माणसे हॉल भरवून पुन्हा तेच करणार होती. फक्त या वेळी चपलांऐवजी टाळ्या. टाळीतली थट्टा जास्त लागते.

त्यांनी शेवटचे पान काढले. खाली बारीक अक्षरांत तळटीपा होत्या. चौदावी होती, ‘दादाजी एका मुलाखतीत म्हणाले, कथेला शेपटीकडून धरले तरच ती चावत नाही.’

दुसऱ्या दिवशी सौरव येताच त्यांनी पान पुढे केले.

“ही मुलाखत कधी झाली गा?”

“ती... आजी, तशी नाही झाली.”

“आमचे हे लग्नाच्या बोलणीतबी ‘हो’च्या पुढं गेले नाहीत. अन् तुमच्याशी शेपटीच्या गोष्टी करून राहिले?”

दीपमालाने तोंडाला पदर लावला. सौरवचा चेहरा उतरला.

“आमच्या मंडळाची ती गंमत आहे, आजी. कुणालाच न कळणारे सिनेमे घेतो आणि त्यांच्यावर मोठ्या पंडितासारखं लिहितो. काही तळटीपा मनाच्याच असतात. लोक येतात, हसतात.”

“म्हणजे माह्या माणसाले हसून राहिले तुम्ही.”

“सिनेमाला हसतो. माणसाला नाही.”

“तंबूतले लोकबी सिनेमालेच हसले होते. नाव मात्र ह्यांले पडलं. बावीस वर्षं कंपनीच्या बसमध्ये ऐकलं त्यांनी.”

 सौरव हळू आवाजात म्हणाला, “नाव काढून टाकतो. कार्यक्रमही नको.”

प्रयागबाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिले. घाबरून बोलतो आहे की मनापासून, ते त्यांना ठरवता येईना. पण नाव काढले तर झालेला अन्याय जिथल्या तिथेच राहील, हे त्यांना कळले.

“काढू नको. पेन दे.”

त्यांनी चौदाव्या टिपेवर काट मारली आणि समासात एकेक अक्षर कोरायला घेतले. दीपमाला वाकून वाचू लागली आणि वाचता वाचता तिचे हसू मावळले.

‘डबे प्रयागबाईने लावले. तिले वाचता येत नव्हते. ठिपके तिनंच कुंकवानं झाकले. दादाजी तापात होते. त्यांनी तिच्यासाठी खोटं सांगितलं.’

“आई, हे तुम्ही आम्हाले कधी सांगितलंच नाही!”

“कोणी विचारलं होतं?”

सौरवने ते पुन्हा पुन्हा वाचले. “आजी, पण मग लोक तुम्हाला हसतील.”

“हसू दे ना. माह्या वाट्याचं हसू ह्यांनी लय दिवस खाल्लं. रविवारी येतो मी. पुढच्याच खुर्चीवर बसतो.”

सौरवने पुस्तिका जपून पिशवीत ठेवली आणि नमस्कार करून तो वळला. प्रयागबाईंनी पेढ्यांचा डबा आपल्याकडे ओढला, एक पेढा फोडला, वास घेतला आणि दारातून हाक मारली.

“छापल्यावर आधी मले आणून दाखव. बोट ठेवून वाचीन!”